गुरुवारचा बाक

मुकोंडे
१२ फेब्रुवारी २०१२

आदरणीय आत्या,

शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचले. घाटात बस दोनदा तापली आणि ओबर्ट कंडक्टरने आम्हा बायकांनाच ओढ्यावर पाणी आणायला पिटाळलं. तुम्ही दिलेली सुकी मासळी सासूबाईंना फार आवडली. "एवढ्या आजारपणातही तुझ्या आत्याला आमची आठवण राहते," म्हणाल्या. मी मान खाली घालून भांडी घासत राहिले.

आता हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बोलणी एकदाच खाईन. माझ्या विंबाईचे बाबा गेल्यापासून चार वर्षं मी दर महिन्याला तुमच्या मुटारे शहरात येते ती इस्पितळातून एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला, हे जगात फक्त तुम्हाला आणि मला माहीत. इथे घरी मी काय सांगून निघते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी सांगते, आत्या आजारी आहे, तिचे पाय सुजतात, तिने बोलावलंय. माहेरी आईकडे जायचं म्हटलं तर सासूबाई चार प्रश्न विचारतील, पण वडिलांच्या बहिणीचं बोलावणं आल्यावर सुनेला अडवायची टाप इथे कुणाची आहे? पहिल्या खेपेला ते तोंडून गेलं आणि मग वाढतच गेलं. आता रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात तुमच्यासाठी प्रार्थना होते. शेंगदाण्याची जी पिशवी मी आणली होती ती शेजारणीने तुमच्या पायांसाठी दिलेली होती.

मुद्द्याचं आता लिहिते. फोनवर बोलता येत नाही, कारण सिग्नल फक्त शाळेमागच्या टेकडीवर लागतो आणि तिथे एकाचं बोलणं दहा जण ऐकतात. या खेपेला सिस्टरने हातात एक चिठ्ठी ठेवली. या गोळ्या आता आमच्या मुकोंडेच्या क्लिनिकमध्येही येतात, म्हणून बाहेरगावच्यांनी आपापल्या गावी नाव लावायचं. शहरात मार्चची खेप शेवटची. त्या गोळ्या एप्रिलच्या विसाव्या तारखेपर्यंत पुरतात, त्यानंतर तिथे मिळणार नाहीत.

आत्या, ते क्लिनिक माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, आणि मला ते चंद्राएवढं लांब वाटतं. गोळ्या गुरुवारी देतात. निलगिरीखाली एक लांब बाक आहे. गुरुवारी त्यावर जो बसला तो कशाला बसलाय हे सगळ्यांना कळतं. ताप-खोकल्याची माणसं उन्हात ताटकळतील, पण त्या बाकावर टेकणार नाहीत. समोर रस्त्यापलीकडे आमचं देऊळ, आणि महिला मंडळाची प्रार्थना गुरुवारीच. निळे झगे आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या साठ बायका त्या बाकासमोरून जातात. मंडळाची चिटणीस मी. माई शिंगी गेल्या वर्षी त्या बाकावर दिसली, आणि पुढच्या जेवणावळीत तिच्या भाजीच्या पातेल्याला कुणी हात लावला नाही. ती पातेलं भरलेलंच घरी घेऊन गेली.

आणि बाकापुढच्या टेबलावर बसून नावं पुकारतं कोण, तर युनिस वन्सं, माझी सख्खी नणंद. त्यांनी नाव पुकारलं की नदीपलीकडची माणसं वळून बघतात.

काय करू, कळवा. चिठ्ठी मी पिठाच्या डब्यात लपवली आहे.

तुमची
मुचानेता


साकुब्वा, मुटारे
२० फेब्रुवारी

मुचा,

माझे पाय सुजलेत हे मला तुझ्या पत्रातून कळलं. बरं झालं कळवलंस, नाहीतर मी आपली रोज कोबीचं पोतं डोक्यावर घेऊन बाजारात जात राहिले असते. साठी उलटली तरी या बाजारात माझ्याइतकं झपझप चालणारी दुसरी दाखव. आणि तू मला चार वर्षं अंथरुणावर झोपवलं आहेस. प्रार्थना करणाऱ्यांना सांग, शेंगदाणे चांगले होते, अजून पाठवा.

झालं माझं बोलून. आता ऐक.

मुकोंडेच्या त्या बाकावर तू बसायचं नाहीस. इस्पितळात सांग की मी आता आत्याकडे राहते, माझा पत्ता दे. घर नंबर, गल्ली, सगळं तुला पाठ आहे. खोटं तर खोटं. पोट भरायला माणसं याहून मोठी खोटी बोलतात, तू तर जीव वाचवायला बोलतेयस.

मी हे उगीच सांगत नाही. त्या गावाला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. माझी केताई इथे आजारी पडली तेव्हा मी तिला आमच्या दादाच्या, तुझ्या मोठ्या काकांच्या घरी, तुमच्या मुकोंडेला नेलं, आठवतंय ना? तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. बैलगाडीत घालून तिला मुकोंडेच्या क्लिनिकला नेलं आणि त्यांनी आम्हाला दारातून परत पाठवलं. घरी आल्यावर तिचा कपही वेगळा ठेवला गेला. माझ्या एकुलत्या एक लेकीचं जे झालं ते माझ्या भाचीचं होऊ देणार नाही. त्या लोकांच्या तोंडापुढे औषध घ्यायचं नाही म्हणजे नाही.

दर महिन्याला यायचं. केताईची खाट तुझ्यासाठी झटकून ठेवलेली असते. भोपळ्याची पानं शेंगदाण्याच्या कुटात शिजवून ठेवीन, आणि मक्याच्या पिठाचा सद्झा गरम तू आल्यावरच करीन. आणखी काय पाहिजे?

सासूबाईंना सांग, पायांना उतार आहे.

आत्या


मुकोंडे
२५ मार्च

आदरणीय आत्या,

तुम्हाला वाटेल की भेटून आठवडा नाही झाला आणि हिने लगेच पत्र लिहायला घेतलं. पण तुमच्यासमोर जे बोलले नाही तेच लिहायचंय.

बस बंद पडून मी सोमवारऐवजी गुरुवारी पोचले हे तुम्ही पाहिलंत. माझ्याकडच्या गोळ्या सोमवारीच संपल्या होत्या हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तीन दिवस खंड पडला. सिस्टरने डबी उलटी करून बघितली आणि तिचा चेहराच बदलला. ओरडली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "बाई, असे खंड पडत गेले तर या गोळ्या तुझ्यावर चालेनाशा होतील. मग पुढची औषधं लागतात, ती अजून आपल्याकडे सगळ्यांना पुरत नाहीत. तुझी लेक किती वर्षांची?" मी म्हटलं, अकरा. त्यावर ती नुसतं लिहीत राहिली.

मग मी तुमचा पत्ता सांगितला. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं. "साकुब्वात एवढा लाल चिखल कुठे असतो गं?" म्हणाली. मी जमिनीत गडप व्हायची बाकी होते. तिने पत्ता लिहून घेतला नाही, चिठ्ठी परत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुझ्या घरापासून चालत जाता येईल असं ठिकाण निवड. बस तुझ्या मर्जीने चालत नाही."

अजून एक. रांगेत माझ्यापुढे पाचवी कोण उभी होती सांगू? माई फराई. आमच्या मंडळाची, माझ्याच गल्लीतली, कोरसमध्ये माझ्या शेजारी उभी राहणारी. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं, आणि दोघींनी भिंतीवरचं पोस्टर वाचायला घेतलं. त्या पोस्टरवर डासांबद्दल लिहिलं होतं, आता मला पाठ झालंय. परतीच्या बसमध्ये नेमकी तिच्या शेजारची जागा रिकामी. घाट चढून झाला. मग ती म्हणाली, "माझी आत्या आजारी असते हो. साखरेचा त्रास." मी म्हटलं, "माझीही. पाय सुजतात." आणि आम्ही दोघी गंभीर चेहऱ्याने एकमेकींच्या आत्यांसाठी हळहळलो.

तेव्हापासून मी मोजतेय. मंडळात दर महिन्याला शहरात आत्याला बघायला जाणाऱ्या बायका किमान सात आहेत. एवढ्या आत्या एकाच शहरात एकदम आजारी पडतील का? आम्ही सगळ्या एकाच बसमधून, एकमेकींकडे पाठ करून, एकाच इस्पितळात जातोय.

वीस एप्रिलपर्यंत माझ्याकडे गोळ्या आहेत. त्यानंतर काय, ते मी विचार करते आहे.

मुचानेता


साकुब्वा
११ एप्रिल

मुचा,

ईस्टरला माझ्याकडे पाहुणे आले होते. तुझे मोठे काका, म्हणजे आमचे दादा, आणि त्यांच्याबरोबर दोन चुलतभाऊ. आधी न कळवता. एक बकरं, एक ब्लँकेट आणि काढ्याची बाटली घेऊन.

मी ओट्यावर टोमॅटोच्या पेट्या उचलत होते. दादा फाटकातच थबकला. मरायला टेकलेल्या बहिणीला बघायला आलेल्या माणसाला ती पेटी उचलताना दिसली तर त्याने करायचं काय? पण आपल्या दादाला एकदा काही पटलं की डोळ्यांना दिसतं ते पटत नाही. म्हणाला, "रेवाई, तू आमच्यापासून लपवतेयस. उसनं बळ आणतेयस."

तिघांनी मला खुर्चीवर बसवलं. घरातल्या वडीलधाऱ्यांची बैठक झाली म्हणे, आणि ठरलं की मला गावी न्यायचं, म्हणजे शेवटी मी एकटी नको. मी म्हटलं, कसला शेवट? तेव्हा दादाने त्या दोघांना बाहेर पाठवलं आणि माझा हात धरून म्हणाला, "नुसते पाय सुजले म्हणून कुणी भाचीला चार वर्षं दर महिन्याला बोलावत नाही. आम्हाला कळलंय गं तो कोणता आजार आहे. केताईलाही तोच होता. तू आमचीच आहेस, आम्ही तुला टाकणार नाही."

मुचा, माझ्या जिभेवर आलं होतं. अरे बाबा, मला काही झालेलं नाही, एवढं एक वाक्य. पण ते बोलले असते तर दादाचा पुढचा प्रश्न काय असता? मग मुचा दर महिन्याला कशाला येते? म्हणून मी गप्प बसले. त्याने काढा ओतला आणि मी तो त्याच्या डोळ्यांपुढे प्यायले. सगळा. दोन दिवस परसाकडे धावत होते, आणि तेव्हा मात्र मी खरोखरच आजारी दिसत असेन.

दादा जाताना बाजारातल्या शेजारणीला, माई सॉलोमनला, सांगून गेला की माझ्या बहिणीकडे लक्ष ठेवा, तिला हे-हे आहे. चांगल्या मनाने सांगितलं त्याने. अकरा वर्षं ती आणि मी एका थर्मासमधून चहा पितो. काल तिने म्हटलं, आज चहा आणायचा राहिला. थर्मास तिच्या टोपलीमागे होता, मला दिसत होता. मला त्याचं काही नाही. माझं वय झालं, मला कोण काय म्हणेल त्याने माझं काय अडणार आहे? मी हे नाव अंगावर घेऊन आरामात फिरीन. तू फक्त येत राहा. पत्ता लिहून घेत नाहीत ना? या खेपेला मी स्वतः तुझ्याबरोबर इस्पितळात येते आणि सिस्टरशी बोलते. चांगली भांडते.

गावी जायचं मी पावसाळा येईपर्यंत लांबवलंय.

आत्या


मुकोंडे
१४ एप्रिल

आत्या,

तुमचं पत्र मी परसात मक्याच्या कणसांच्या ढिगामागे बसून दोनदा वाचलं. काढ्याचं वाचून हसू आलं आणि थर्मासचं वाचून मी रडले. माझं आजारपण तुमच्या अंगावर घातलं मी, आणि तुम्ही ते मुकाट पांघरून बसलात. मला फार लाज वाटली, आत्या. शेंगदाण्याची पिशवी आणताना मला गंमत वाटली होती, हे आठवून तर जास्तच.

आता पुरे झालं. मी येत्या गुरुवारी, एकोणीस तारखेला, चिठ्ठी घेऊन मुकोंडेच्या क्लिनिकमध्ये जाणार आहे. त्या बाकावर बसणार आहे. इस्पितळात तुम्ही भांडायला येऊ नका, तिथे भांडण नाहीच मुळी. सिस्टर म्हणाली ते खरं आहे. मी विंबाईच्या शाळेचे दिवस, शेतातली कामं, पाऊस, बस, ओबर्टची मर्जी या सगळ्यांतून वाट काढत औषध घेतेय, आणि वीस मिनिटांवरची वाट बंद करून ठेवलीय, तीही माझी मीच.

झगा आणि टोपी घालूनच जाणार. लपायला नाही. क्लिनिकनंतर लगेच प्रार्थना आहे आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मला वाचायचंय, मग घरी जाऊन कपडे बदलायला वेळ कुठे?

काल माई फराईला गाठलं, नदीवर. तिला विचारलं, येतेस का बरोबर? तिने धुणं तसंच पिळून टोपलीत टाकलं आणि म्हणाली, "तू काय बोलतेयस मला कळत नाही, माई विंबाई." निघून गेली. तिला मी दोष देत नाही. महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

भीती वाटते. वन्संच्या आवाजाची सगळ्यात जास्त. तरी जाणार आहे. तुमचा आशीर्वाद असू द्या.

मुचानेता


साकुब्वा
१७ एप्रिल

मुचा,

हे पत्र न्यायला ओबर्टला बस सुरू ठेवून थांबवलंय, म्हणून थोडक्यात.

तू जायचं नाहीस. मी तुझी आत्या आहे आणि हा आत्याचा शब्द आहे. तुझ्या बापाच्या माघारी तुझ्या बाबतीत शेवटचा शब्द माझा आहे, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू त्या दाराशी काय होतं ते पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय.

एवढं सांगूनही गेलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. केताईची खाट मी आवरून ठेवीन.

आत्या


मुकोंडे
२९ एप्रिल

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र बुधवारी संध्याकाळी मिळालं. गुरुवारी मी गेले.

तुमचा शब्द मोडण्याची ही माझी पहिली वेळ. घरी येऊ नकोस म्हणालात, येत नाही. पण पत्र लिहायला बंदी केली नव्हतीत, म्हणून सगळं लिहिते.

आठ वाजता फाटकातून आत शिरले. बाकावर चार जण होते, सगळे नदीपलीकडच्या वाडीतले, मला परके. माझा झगा बघून त्यांना वाटलं मी प्रार्थना सांगायला आलेय. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा बाबा, जरा सरका, मलाही बसायचंय." ते माझ्याकडे बघत राहिले, मग सरकले. बाक गार होता. रस्त्यावरून पहिल्या तीन बायका चालल्या होत्या, त्यांचे पाय थांबले. मी मान वर ठेवली आणि मांडीवरची इतिवृत्ताची वही सरळ केली.

मग वन्संनी चिठ्ठी घेतली. वाचली. घडी घातली. मला वाटलं, आता निदान माझ्यापुरता तरी आवाज खाली करतील. नाही केला. "मुचानेता मुफुंडा," म्हणून असं पुकारलं की देवळाच्या पायरीवरच्या बायकांनी वळून बघितलं. इतक्या वर्षांत मला माझ्या नावाने कुणी पुकारलं नव्हतं, सगळ्यांची मी माई विंबाई, विंबाईची आई. मी उठले, टेबलापर्यंत गेले, नाव, गाव, वय सांगितलं. आत सिस्टरने तपासलं. दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतील म्हणाली, पण मध्ये खंड पडला होता म्हणून पहिल्या वेळी चार आठवड्यांच्याच दिल्या. सतरा मेला पुन्हा बोलावलंय.

बाहेर आले तर वन्सं टेबल सोडून पाण्याच्या नळाशी उभ्या. मी म्हटलं, "वन्सं, जरा हळू नाही का पुकारता आलं?" त्या म्हणाल्या, "हळू पुकारलं असतं तर तुम्ही चोर ठरला असता. माझ्या हाताखालून इतकी माणसं जातात, मी कुणाला चोरासारखं पुकारत नाही." मग म्हणाल्या, "इस्पितळातून यादी फेब्रुवारीतच आली, वहिनी. तुमचं नाव चौथं होतं. मी दर गुरुवारी वाट बघत होते."

अडीच महिने, आत्या. ज्या बाईच्या तोंडाला मी इतकी घाबरत होते तिने अडीच महिने आपल्या आईलाही सांगितलं नाही. मी विचारलं, का बोलला नाहीत? तर म्हणाल्या, "माणूस आल्यावर नाव घ्यायचं हे माझं काम. आधी घ्यायचं नाही. माझा भाऊही यानेच गेला, मला काय कळत नाही?" आणि टेबलाकडे वळून पुढचं नाव पुकारलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. देवळात पोचले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आज इतिवृत्त दुसरं कुणी वाचेल." मी म्हटलं, "वही माझ्याकडे आहे आणि अक्षर माझं आहे, ते माझ्याशिवाय कुणाला लागत नाही." उभी राहिले आणि वाचलं. माझ्या बाकावरून दोघी उठून मागे गेल्या. माई शिंगी मागून उठून पुढे आली आणि त्यातल्या एकीच्या जागी बसली. सासूबाईंनी दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझा सद्झा वेगळ्या ताटलीत वाढला. मी ती ताटली उचलून मधल्या पातेल्याशी नेली आणि सगळ्यांबरोबर तिथूनच घास घेतला. विंबाई माझ्या शेजारी सरकून बसली. सासूबाई बघत राहिल्या, उठून मात्र गेल्या नाहीत. अजून तेवढ्यावरच आहे.

मोठ्या काकांकडे मी स्वतः गेले. सांगितलं की आत्या ठणठणीत आहे, आजारी मी आहे, आणि मीही ठणठणीत आहे. ते काठीने जमीन उकरत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तिने तो काढा उगीच प्यायला?" या आठवड्यात ते माई सॉलोमनला फोन करणार आहेत. टेकडीवरून करतील, म्हणजे सगळ्या गावालाही एकदम कळेल.

आणि गेल्या गुरुवारी, सव्वीस तारखेला, मी प्रार्थनेला जाताना बाकाकडे बघितलं. टोकाला माई फराई बसली होती, चिठ्ठी मुठीत चुरगाळून. झगा आणि टोपी घालून. मी रस्ता ओलांडून गेले आणि तिचं नाव येईपर्यंत शेजारी बसले.

मी चुकले असेन तर माफ करा. पण गोळ्या चुकल्या नाहीत.

तुमची
मुचानेता


साकुब्वा
७ मे

माझ्या मुचा,

तुझं पत्र ओबर्टने हातात दिलं त्याला पाच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि कोबी विकायला उठते. आज उठणार नाही.

आधी किरकोळ गोष्टी. दादाचा फोन येऊन गेला. माई सॉलोमनने काल थर्मास आणला, दोन कप भरले आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, चहात मीठ पडतंय. प्याले तिच्याबरोबर, पण मनात थोडं राहिलंय, ते जायला वेळ लागेल.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. दादालाही नाही.

मुकोंडेच्या क्लिनिकने केताईला परत पाठवलं नव्हतं. नऊ वर्षं मी हे सांगत आले आणि सगळ्यांनी मानलं, तूही मानलंस. आम्ही दारापर्यंत गेलो. फाटक उघडं होतं. सिस्टर बाहेर आली होती आणि हाताने आत बोलवत होती. त्याच बाकावर पाच-सहा माणसं बसलेली, खोकणारी, हाडं वर आलेली. आणि समोर रस्त्यावर देवळातल्या बायका, त्यांतल्या निम्म्या माझ्याबरोबर शाळेत होत्या. केताई गाडीत उठून बसली आणि म्हणाली, "आई, मला तिथे बसव, सावली आहे." मी गाडीवानाला म्हटलं, वळव.

त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं, वळव.

तेव्हा एचआयव्हीच्या गोळ्या आपल्यासारख्यांना मिळत नव्हत्या, हे खरं. पण केताईला क्षयही होता, आणि क्षयाच्या गोळ्या त्या क्लिनिकमध्ये होत्या. त्या बाकावरच्या माणसांना त्याच मिळत होत्या. त्यांतला एक अजून बाजारात रताळी विकायला येतो. तो दिसला की मी वाट बदलते. केताई सात आठवड्यांनी गेली. आणि तो वेगळा कप, मुचा, तोही दादाच्या घरच्यांनी ठेवला नव्हता. मी ठेवला होता, त्यांनी ठेवायच्या आधी, म्हणजे त्यांनी ठेवलेला बघावा लागू नये.

तुला मी अडवत होते ते तुझ्यासाठी म्हणून, असं मला वाटायचं. तुझं पत्र वाचल्यावर कळलं की, जर तू त्या बाकावर बसलीस आणि तुला काही झालं नाही, तर मग मी त्या दिवशी केलं ते काय होतं, हा प्रश्न मला नको होता. आणि दुसरं, तेही सांगते. महिन्यातून एकदा त्या खाटेवर कुणी झोपायचं ते बंद होईल, म्हणूनही. खाट मी आवरलेली नाही. कधीच आवरणार नव्हते.

तू माफी मागू नकोस. माझा शब्द मोडलास ते बरं केलंस. तुझा बाप असता तर त्याने हेच म्हटलं असतं, पण माझ्यापुढे बोलायची त्याची छाती झाली नसती.

सतरा तारखेला तुझा गुरुवार आहे ना? मी बुधवारच्या बसने येते. आठ वाजता तुझ्याबरोबर क्लिनिकच्या फाटकातून आत जाणार आहे. मला औषध नको आहे, माझं नाव कुणाच्या यादीत नाही, युनिसला सांग की मला पुकारायची गरज नाही. मला फक्त त्या बाकावर बसायचंय. माझ्याबरोबर शाळेत होत्या त्या बायकांना रस्त्यावरून जाताना बघू दे, दादाला बघायचं असेल तर त्यालाही येऊ दे.

टोकाला नको, मधे जागा धर. तुझं नाव येईपर्यंत मी उठणार नाही.

तुझी आत्या
रेवाई